ताप नाही, पुरळ नाही

४ सप्टेंबर

पोचले एकदाची. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात रक्ताच्या नळ्यांचं खोकं आणि बर्फाची पेटी बहुतेक डोक्यावर, अशी वरात एकटीलाच काढावी लागणार या धास्तीत बसमधून उतरले. पण थांब्यावर आरोग्यकेंद्राची सिस्टर उभी होती. पन्नाशीची, इस्त्रीचा पांढरा गणवेश, घट्ट अंबाडा. तिने प्रवास कसा झाला विचारलं नाही, पेटी उचलली आणि चालू लागली. मी पडले बडबडी. वाटभर मी बोलत होते आणि ती ऐकत होती. बोलक्या माणसाला असा श्रोता मिळणं म्हणजे लॉटरीच.

खोली छान आहे. घरमालकीणबाईंच्या घराची मागची बाजू. दोन खिडक्या, टेबल, लोखंडी खाट, भिंतीतलं कपाट. खिडकीखाली सिमेंटची टाकी आणि तीन पिंपं, कारण नळाला एक दिवसाआड पाणी येतं. बाई साठीच्या, एकट्याच राहतात. पहिल्या तासातच मी त्यांना काकू करून टाकलं. त्यांनी हरकत घेतली नाही.

आईचा फोन आला. धडधाकट माणसांना सुया टोचायला एवढ्या लांब कशाला जायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. पुन्हा समजावलं. डास चावून ताप आला तर माणूस दवाखान्यात येतो, त्याची नोंद होते. पण ज्याच्या अंगात तोच विषाणू शिरला आणि काहीच झालं नाही, त्याला कोण मोजणार? मी मोजणार. तीन महिने. आई म्हणाली, मोज बाई, तुला दुसरा उद्योग नाही.

माझ्या लेकीने, चिमीने, फोन ओढून घेतला. सहामाहीच्या सुट्टीत आजीबरोबर इथे यायचं तिने परस्पर ठरवून टाकलंय. तिचे बाबा बोटीवर, मी इथे, मग सुट्टीत तिने काय आजीचे पाय चेपायचे का, असा सवाल. ये म्हटलं.

७ सप्टेंबर

पहिली फेरी. दर पाचवं घर. सिस्टर वाट दाखवते, मी प्रश्न विचारते आणि रक्त घेते. गेल्या सहा महिन्यांत ताप? नाही. पुरळ? नाही. सांधे दुखले? डोळ्यांमागे दुखलं? नाही, नाही. एकोणीस घरं झाली आणि एकानेही तोंडावर दार लावलं नाही. मागच्या गावी एक आजोबा काठी घेऊन धावले होते. एका बाईने, आमच्या रक्ताचं तुम्ही करता तरी काय, म्हणून अर्धा तास उलटतपासणी घेतली होती. इथे दंडाला बांधायचा पट्टा काढायच्या आत बाह्या वर. सिस्टर म्हणाली, इथे कोणी तक्रार करत नाही, बारा वर्षांत दवाखान्यात कधी गर्दी पाहिली नाही. गुणी गाव.

चार वर्षांची एक पोर तर हात पुढे करून बसली. सुई शीर शोधत दोनदा आत-बाहेर झाली तरी बघत राहिली, शेजारणीचा हात असल्यासारखी. मी तिच्या मनगटावर पेनने चांदणी काढून दिली. तीही तिने तशीच पाहिली.

शिंप्याच्या घरी मात्र एक नवी सून आहे. लग्न होऊन तीन आठवडे झालेत. सुई लागताच आई गं म्हणून किंचाळली, मग स्वतःलाच हसली. शिवणयंत्रावर बसलेल्या सासूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. काहीतरी आवाज झाला म्हणून बघावं तसं. दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा सुनेने माझा हात धरला आणि विचारलं की मी इथे किती दिवस आहे. मग हळूच म्हणाली, बरं झालं तुम्ही आलात, या घरात कुणी हसत नाही हो.

११ सप्टेंबर

डास भयंकर. तेही दिवसाढवळ्या. पायांवर पांढरे पट्टे असलेले, स्वच्छ पाण्यात वाढणारे, म्हणजे आमचेच गिऱ्हाईक. प्रत्येक अंगणात उघडी पिंपं आणि पिंपांत वळवळणाऱ्या अळ्या. झाकणं का लावत नाही विचारलं तर लोक म्हणतात, लावू.

आज आरोग्यकेंद्रात बाकावर अकरा माणसं बसली होती आणि टाळ्या मारत होते ती मी एकटी. खोलीभर माझाच चटाचट आवाज. आधी हसू आलं.

संध्याकाळी काकू भाजी निवडत होत्या. त्यांच्या दंडावर एक डास बसला होता, पोट फुगून लाल झालं होतं. न राहवून मीच चापट मारली. त्यांनी दंडावरचा रक्ताचा ठिपका पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काही झालं का, असं विचारलं.

१५ सप्टेंबर

आज पहिली प्लेट लावली. एका प्लेटीत छोट्या छोट्या खड्ड्यांमध्ये अठ्ठ्याऐंशी माणसांचे नमुने बसतात. ज्याच्या रक्तात संसर्गाची खूण असेल त्याचा खड्डा पिवळा होतो. शंभरात दहा-बारा पिवळे निघतील असा आमचा अंदाज होता.

सगळी प्लेट पिवळी झाली. माझ्या डोळ्यांदेखत, हळद कालवल्यासारखी. एक खड्डा सोडून. तो शिंप्याच्या सुनेचा.

मोठ्या प्रयोगशाळेतल्या सरांना फोन केला. सर म्हणाले, एकतर तपासणीचा संच खराब आहे नाहीतर तुमचा हात. मग मी स्वतःचं रक्त काढलं आणि नव्या संचाने सगळं पुन्हा केलं. माझा खड्डा स्वच्छ पाण्यासारखा. सुनेचा तसाच. बाकी सगळे पिवळे. म्हणजे संच ठीक आहे आणि माझा हातही.

पोटात गोळा आला. तरी स्वतःला समजावलं, खूण म्हणजे आजार नव्हे. येऊन गेला असेल. सगळ्यांना येऊन गेला आणि कुणालाच कळलं नाही, एवढंच.

१९ सप्टेंबर

काकूंनी आज आपणहून सांगितलं. मी फक्त विचारलं होतं की पुढच्या खोलीतल्या आरामखुर्चीत कुणी बसत का नाही.

म्हणाल्या, आमचे हे तिथेच गेले, गेल्या वर्षी. सकाळी दहाला मी चहा घेऊन गेले तेव्हा गेलेले होते. चहा परत आणून ठेवला. कपडे भिजवलेले होते, ते धुतले. चारला सवयीने पुन्हा दोघांचा चहा टाकला, मग लक्षात आलं. सहाच्या सुमारास शेजारी सांगितलं.

मी विचारलं, काकू, तुम्हाला रडू नाही आलं? त्यांनी खरोखर आठवून पाहिलं, किल्ली कुठे ठेवली ते आठवावं तसं. मग म्हणाल्या, ते गेले हे मला कळत होतं हो, पण त्याचं काही वाटत नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार. माणूस चांगला होता.

दार लावून चिमीला फोन केला आणि उगीचच पाढे म्हणायला लावले. आठाच्या पाढ्यात अडली आणि रडली. तिचं रडणं ऐकून बरं वाटलं. हे कुणाला सांगता यायचं नाही.

२२ सप्टेंबर

शाळेत नमुने घेतले. तिसरीतल्या एका मुलीचा डावा हात मनगटाच्या वर सुजून काळानिळा झाला होता. मोडला होता. कधी पडलीस विचारलं तर म्हणाली, सोमवारी. आज शुक्रवार. दुखतंय का? हो. मग बाईंना का नाही सांगितलंस? ती गोंधळली. हे सांगायचं असतं हे तिला माहीतच नसावं. तिच्या बाईंनी सुजलेला हात चार दिवस पाहिला होता. आईनेही. आईने त्याच हाताला धरून तिला शाळेत आणून सोडलं होतं.

सिस्टरने फळी बांधली. बांधताना हाड कटकन वाजलं. वर्गातल्या कुणी मानही वर केली नाही. शहारले ती मी.

परत येताना सिस्टरला म्हटलं, पोर रडलं नाही तर आईला कळणार कसं? सिस्टर म्हणाली, तेही खरंच. आणि चालत राहिली. तिच्या कानामागे दोन डास होते.

२७ सप्टेंबर

सरांचा फोन. मी पाठवलेल्या नमुन्यांत नुसत्या जुन्या खुणा नाहीत. विषाणूच आहे. जिवंत. माणसांच्या रक्तात मुक्कामाला. एरवी हा आठवड्याभरात शरीरातून जातो, इथे तो गेलेलाच नाही. डास एकाचं रक्त पितो आणि दुसऱ्याला नेऊन देतो, आणि ज्याला नेऊन देतो तोही ठणठणीत.

मी सगळं सांगितलं. काकूंचे यजमान, मोडका हात. हा ताप देत नाही सर, हा दुसरंच काही काढून नेतो. सरांनी विचारलं, आजारी कोण आहे? मी म्हटलं, तसं कोणी नाही. तक्रार कुणाची आहे? कुणाचीच नाही. मग सर म्हणाले, रुग्ण नाही तर साथ कसली? अहवाल सावकाश लिहा, भाषा जपून वापरा, आणि दमला असाल तर एक दिवस सुट्टी घ्या.

डासांची कॉइल संपली आहे. आणायला हवी.

१ ऑक्टोबर

तीन आठवडे उलटले की त्याच माणसांचं पुन्हा रक्त घ्यायचं असतं. शिंप्याच्या घरी मुद्दाम एकटी गेले. सुनेला सांगायचं ठरवलं होतं की बाई गं, माहेरी जा, तू एकटी अजून कोरी आहेस.

ती शिवणयंत्रावर बसली होती. सासू शेजारी काज करत होती. मी आत गेल्यावर सुनेने मान वर केली, पाय चालूच होता. म्हटलं, कशी आहेस? म्हणाली, आता बरं वाटतं. सुरुवातीला फार त्रास व्हायचा, घरची आठवण यायची. आता काही नाही.

तर्जनीच्या नखातून सुई आरपार गेलेली होती, दोऱ्यासकट. दोरा तिने कापला होता. सुईचं मोडलेलं टोक तसंच आत. मी ते काढलं. तिने बोट माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या हाताने कापड सरळ करत राहिली. बोट माझ्या हातात गरम होतं.

तिचं रक्त घेतलं. तपासायची गरज नव्हती तरी तपासलं. पिवळं.

बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसले. रडू येईल असं वाटलं. बराच वेळ बसले.

५ ऑक्टोबर

कॉइल आणायची राहतेच आहे. ते आज अचानक जाणवलं. आणि हेही, की परवा दिवसभर केंद्रात होते आणि टाळी एकदाही मारली नाही. कोपरापासून मनगटापर्यंत चावे मोजले, सतरा. खाजत नाहीत असं नाही. खाजतं. हे कळतं.

स्वतःचं रक्त काढलं. प्लेटीत एकच नमुना टाकला. अर्धा तास समोर बसून राहिले.

पिवळा.

पोटात गोळा येईल म्हणून थांबले. आला नाही. सप्टेंबरमधली पानं उलटून वाचली. अक्षर माझंच आहे.

चिमीची सुट्टी चौदा तारखेला लागते. तिला इथे येऊ द्यायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवलं. चिमी नको.

६ ऑक्टोबर

फोन केला. चिमीनेच उचलला. बॅग भरून झाली आहे, रंगपेटी घेतली आहे, आजी म्हणते एकच बाहुली घे पण तिने दोन लपवल्या आहेत. मी ऐकत होते. मग आई बोलली, अठराला दुपारच्या बसने पोचतो म्हणाली. मी बरं म्हटलं.

फोन ठेवला. मग भिंतीवरचा कागद दिसला.

पुन्हा करायला हवा. उद्या.

९ ऑक्टोबर

रोज सकाळी बोट टोचून बघते. पहिल्या दिवशी लिहिलं होतं: दुखलं. काल: दुखलं हे कळलं. आज काय लिहायचं ते सुचत नाही.

फोन राहिला. विसरत नाही मी. उचलायचा आहे हे माहीत असतं, आणि तो समोर असतो, आणि संध्याकाळ होते.

म्हणून आज दुसरी युक्ती केली. आईला पत्र लिहिलं. येऊ नका, कारण विचारू नका, पोरीला इकडे आणलंस तर तुला माझी शपथ आहे. सिस्टरच्या हातात दिलं आणि आजच टाका म्हटलं. ती म्हणाली, टाकते.

१२ ऑक्टोबर

सरांना अहवाल पाठवला. ताप नाही. पुरळ नाही. तक्रार नाही. सर म्हणाले, भाषा उत्तम झाली आहे.

१६ ऑक्टोबर

सिस्टरच्या खणात थर्मामीटर शोधत होते. पत्र तिथेच होतं. सिस्टर म्हणाली, राहून गेलं. मी मान हलवली. खण लावला.

नंतर खोलीवर येताना एका पिंपाशी थांबले. एक वाक्य डोक्यात फिरत होतं — पोर रडलं नाही तर आईला — कोण म्हणालं होतं ते आठवेना.

वहीत सापडलं. मीच.

१८ ऑक्टोबर

आली. दोघी.

चिमी बसमधून उडी मारून धावत आली, कमरेला मिठी मारली. काहीतरी करायचं असतं अशा वेळी. मी बॅग घेतली.

आई घरी आल्यावर बोलली. सहा आठवड्यांनी पोर भेटली आणि तू तिला उचललंसुद्धा नाहीस. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. काय झालंय गं तुला, काय झालंय. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, हनुवटीवरून खाली. मी बघत होते. ते पुसायचं असतं.

मग भिंतीवरचा कागद आईने वाचला. मी सगळं सांगितलं. क्रमाने, तारखांसकट. सांगता येतं मला. आई ऐकताना पांढरी पडली. म्हणाली, उद्याच निघायचं, तिघींनी. मी हो म्हटलं.

१९ ऑक्टोबर

बस चारला असते. आईने माझी बॅग भरली. मी चपला घालून खाटेवर बसले होते. चल म्हणत होती. चल, उठ. मी हो म्हणत होते. चिमी हात ओढत होती. मी बसून होते — उठायचं ठरवत होते — बस गेली. हॉर्न ऐकू आला.

आई म्हणाली, तुला टाकून जाऊ कशी मी. पोटची आहेस.

चिमीला नऊ चावे. रडते. खाजवते आणि रडते. काकू दारातून बघत होत्या, आवाज कशाचा म्हणून.

आईने अंगभर चादर गुंडाळून ठेवलं तिला. टाळ्या मारत बसली आई. चटाचट.

२० ऑक्टोबर

दुपार. आई गाडी बघायला गेली आहे. मिळेल ती, ट्रकसुद्धा चालेल म्हणाली. मला उचलून घालीन म्हणाली. जाताना दहादा सांगितलं — चिमीजवळ बस. चादर सरकू देऊ नको. डास वारत राहा.

जवळ बसले आहे.

झोपली आहे. उकडतंय. चादर पायांनी काढली तिने. वारायचा पुठ्ठा माझ्या मांडीवर आहे.

उजव्या गालावर एक. पाय पांढऱ्या पट्ट्यांचे. कपाळावर एक. पापणीवर — चिमी अजून कोरी आहे. कालचे नऊच चावे — लागण झालीच असेल असं नाही — दर चाव्याला नाही होत. अजून वेळ आहे. हे मला नीट कळतं. कळतं आहे.

मानेवर दोन. एकाचं पोट भरत आलंय.

पुठ्ठा उचलायचा. एवढंच. आधी पेन खाली ठेवायचं, मग

झोपेतसुद्धा चिमीचा हात गालाकडे जातो. आपोआप. माझा हात —